मैदान अंधारात, चकती उजेडात

रात्रीचा खेळ म्हटला की डोळ्यांसमोर येतात ते प्रकाशझोतांचे उंच मनोरे. दिवस-रात्रीचे क्रिकेट सामने असोत वा मुंबई-पुण्यातील 'टर्फ'वर रात्री उशिरापर्यंत रंगणारे 'बॉक्स क्रिकेट', आधी मैदान उजळावे लागते आणि मग खेळ सुरू होतो. 'डिस्क गोल्फ'ने मात्र हा क्रम उलटा केला आहे. येथे मैदान अंधारातच राहते. उजळतात त्या केवळ हातातील चकती आणि दूरवरची टोपली. रात्रीच्या खेळाचा खर्च वाचवणारी हीच युक्ती त्यातील धोक्याचेही मूळ आहे.

चेंडूऐवजी चकती

या खेळात काठी आणि चेंडूच्या जागी प्लास्टिकची चकती असते, तर खळग्याच्या जागी लोखंडी खांबावर बसविलेली, साखळ्या लोंबणारी टोपली. ठरलेल्या जागेवरून चकती फेकायची, ती जेथे पडेल तेथून पुढची फेक करायची आणि कमीत कमी फेकींत टोपली गाठायची. 'फ्रिस्बी'च्या रचनेत सुधारणा करणारे अमेरिकेतील एड हेड्रिक यांच्या पुढाकाराने 1975 मध्ये कॅलिफोर्नियात पॅसाडिनाजवळील उद्यानात पहिले कायमस्वरूपी मैदान उभे राहिले. पुढच्याच वर्षी त्यांनी व्यावसायिक खेळाडूंची संघटना स्थापन केली.

एका मैदानात बहुधा 18 टोपल्या असतात आणि त्या झाडीतून दूरवर पसरलेल्या असतात. एवढ्या परिसरात दिव्यांचे खांब उभारणे बहुतेक ठिकाणी परवडणारे नसते.

उत्तरेतील लांब रात्री

या अडचणीची खरी झळ बसते ती उत्तर युरोपला. फिनलंडमध्ये हा खेळ अत्यंत लोकप्रिय असून सुमारे 56 लाख लोकसंख्येच्या या देशात शेकडो मैदाने आहेत. पण डिसेंबरच्या अखेरीस राजधानी हेलसिंकीत दिवस जेमतेम पावणेसहा तासांचा असतो. दुपारी सव्वातीनच्या सुमारास सूर्य मावळतो. कामावरून सुटल्यावर खेळू पाहणाऱ्याला कित्येक आठवडे उजेड मिळतच नाही. अशा वेळी अंधारात खेळणे ही निव्वळ हौस राहत नाही. खेळ चालू ठेवण्याचा तो मार्ग ठरतो.

चकती चमकते कशी?

यासाठी दोन उपाय प्रचलित आहेत. पहिला, चकतीच्या खालच्या बाजूस मधोमध लहानसा 'एलईडी' दिवा पारदर्शक पट्टीने चिकटवणे. तो मध्यापासून सरकला तर चकतीचा तोल बिघडतो आणि वाढलेल्या वजनाचा उड्डाणावरही थोडा परिणाम होतो.

दुसरा उपाय चकतीच्या प्लास्टिकमध्येच प्रकाश साठवणारे द्रव्य मिसळण्याचा. आपल्याकडे अंधारात चमकणारे तारे मुलांच्या खोलीच्या छतावर चिकटवतात, तोच हा प्रकार. शास्त्रीय परिभाषेत याला प्रस्फुरण म्हणतात. पूर्वी त्यासाठी झिंक सल्फाइड वापरले जाई. 1990 च्या दशकात युरोपियम व डिस्प्रोशियम मिसळलेले स्ट्राँशियम अ‍ॅल्युमिनेट पुढे आले. ते अधिक तेजस्वी असून अधिक काळ चमकते. अतिनील किरणांची छोटी विजेरी काही सेकंद चकतीवर धरली की ती हिरवट उजेडाने झळकते. हे तेज पहिल्या काही मिनिटांतच झपाट्याने उतरते. त्यामुळे अनेक खेळाडू प्रत्येक फेकीपूर्वी विजेरी वापरतात. मात्र या विजेरीचा झोत कोणाच्याही डोळ्यांवर पडू न देण्याची खबरदारी आवश्यक असते.

डोळ्यांची कसोटी

हा हिरवा रंग डोळ्यांच्या दृष्टीनेही सोयीचा आहे. मंद उजेडात पाहण्याचे काम डोळ्यातील दंडाकार पेशी करतात आणि त्या निळसर हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. मात्र डोळे अंधाराला पुरते सरावण्यास अर्धा तास लागू शकतो आणि कपाळावरील प्रखर दिवा एकदा पेटवला की ही तयारी क्षणात वाया जाते. म्हणून चालताना मंद, शक्यतो लाल दिवा वापरणे हिताचे.

तरीही अंतराचा अंदाज चुकतोच. दिवसा झाडे, उंचसखल जमीन यांवरून अंतर उमगते. रात्री काळोखात फक्त प्रकाशाचा एक ठिपका दिसतो. टोपलीला दिवे बांधले तरी ती नेमकी किती दूर आहे हे सांगणे कठीण जाते. बर्फ असेल तर चकती त्याखाली घुसते आणि तिचा उजेडही झाकला जातो. त्यासाठी काही जण चकतीला लांब फीत चिकटवतात. ती बर्फावर राहते.

दिसत नाही तो माणूस

खरा प्रश्न सुरक्षिततेचा आहे. साधारण 175 ग्रॅम वजनाची चकती सरावलेल्या खेळाडूच्या हातून ताशी 80 किलोमीटरहून अधिक वेगाने सुटते. खेळाडूला चकती दिसते, टोपली दिसते. पण वाटेवरून जाणारा पादचारी दिसत नाही. बहुतेक मैदाने सार्वजनिक उद्यानांत असल्याने हा धोका काल्पनिक नाही. अमेरिकेतील अनेक उद्याने सूर्यास्तानंतर बंद होतात आणि तेथे रात्री खेळण्यासाठी परवानगी घ्यावी लागते.

त्यामुळे गटाने खेळणे, प्रत्येकाने अंगावर दिवा बाळगणे, एकाने पुढे उभे राहून मार्ग मोकळा असल्याची खूण करणे आणि ती मिळेपर्यंत चकती न फेकणे, हे संकेत रात्री कसोशीने पाळावे लागतात. चकती उजळली म्हणून मैदान उजळत नाही, याचे भान सुटले तर या खेळाची रात्रीची मुभाच धोक्यात येईल.