दस नंबर, पंचेचाळीस बंगले आणि पटियेबाजी

भोपाळात पत्ता विचारा, उत्तर बरेचदा आकड्यात मिळेल. अरेरा कॉलनीच्या भागात कुणी ‘दस नंबर’ला राहतं, कुणी ‘बारा नंबर’ला. हे घरांचे नव्हे, बसथांब्यांचे क्रमांक! थांब्याचं नाव बाजारालाही चिकटलं आणि ‘दस नंबर मार्केट’ झालं. शहर बसची पायरी कधी न चढलेली मुलंसुद्धा संध्याकाळी भेटायला तिथेच जमतात.

सरकारी वसाहतींतही तेच: पंचेचाळीस बंगले, चौऱ्याहत्तर बंगले, अकराशे क्वार्टर. १ नोव्हेंबर १९५६ला भोपाळ नव्या मध्य प्रदेशची राजधानी झालं. जुन्या मध्य प्रदेशची राजधानी नागपूर, त्यामुळे दप्तरांबरोबर कितीतरी मराठी कुटुंबंही बिऱ्हाड बांधून इकडे आली. न्यू मार्केट ज्या टी. टी. नगरात आहे, ते टी. टी. म्हणजे आपल्या येवल्याचे तात्या टोपे.

जुन्या शहरात पुणेकराला घरच्यासारखं वाटेल. इतवारा, मंगळवारा, बुधवारा, जुमेराती. इथेही वस्त्यांना वारांचीच नावं.

या गल्ल्यांतला खरा ऐवज म्हणजे पटिये. दुकानाच्या नाहीतर घराच्या दाराशी, रस्त्याला लागून बसवलेली फरशी. रात्री शटर खाली आलं की तिच्यावर मैफल जमते. दोघं बुद्धिबळ मांडतात, चौघं चाली सुचवतात, मिठाची चिमूट टाकलेला सुलेमानी चहा फिरतो. निवडणूक, शायरी, हॉकी, सगळ्याचा निकाल तिथेच. याला म्हणतात पटियेबाजी! बसायला तिकीट नाही, काही विकत घ्यायची सक्ती नाही. शहररचनेतली इतकी स्वस्त आणि इतकी हुशार सोय मला दुसरी माहीत नाही.

पटियांवर बसतात ते मात्र मुख्यतः पुरुष. आणि हे अशा शहरात, जिथला कारभार १८१९ ते १९२६ या काळात, मधली काही वर्षं सोडता, चार बेगमांच्या हाती होता. बेगमांच्या काळात फक्त बायकांसाठी ‘परी बाजार’ भरे.

आता नव्या काळाकडे. २०१३ मध्ये मिसरोद ते बैरागढ असा सुमारे २४ किलोमीटरचा बीआरटीएस, म्हणजे फक्त बससाठी राखीव मार्ग सुरू झाला आणि जानेवारी २०२४ मध्ये तो उखडायला घेतला. त्यासाठी वाहतूककोंडीसारखी कारणं खूप सांगितली गेली. मला मात्र त्याचे थांबे खटकत. रस्त्याच्या मधोमध, दोन्ही बाजूंनी गाड्यांचा ओघ. अशा थांब्याला चहाची टपरी कशी लागणार आणि ‘दस नंबर’सारखा बाजार कसा चिकटणार?

डिसेंबर २०२५ मध्ये सुभाषनगर ते एम्स अशी मेट्रो धावू लागली: सुमारे सात किलोमीटर, आठ स्थानकं. हा टप्पा उन्नत आहे, म्हणजे खाली सावली आयतीच. तिथे भरपूर उजेड ठेवून दगडी पटिये टाकावेत, बायकांनाही रात्री नऊनंतर निवांत गप्पा मारता येतील असे.