पांढरी सोडून काळीत

मे महिन्यात सांगली जिल्ह्यातल्या मिरज किंवा वाळवा तालुक्यातल्या एखाद्या नव्या ‘एनए’ प्लॉटवर जाऊन उभं राहा. जमिनीच्या भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत जातो. जूनचे दोन चांगले पाऊस झाले की तीच भेग शोधूनही सापडत नाही. अशा जमिनीवर आपण कर्ज काढून घर बांधतो आणि पावसाळ्यात दारं का अडकतात म्हणून सुताराला बोलावतो.

जुन्या माणसांच्या हिशेबी गावाच्या जमिनी दोन, काळी आणि पांढरी. काळी पिकवायची, पांढरीत राहायचं. गावठाण बहुधा उंचवट्यावर असायचं, आणि पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, पडक्या भिंतींची माती साचून तिथली जमीन पांढुरकी झालेली असायची. उत्खनन करणारे आजही ‘पांढरीचं टेकाड’ शोधत हिंडतात, ते याच खुणेवर. शहरं वाढली ती मात्र काळीत. सांगलीत रानांचे गुंठे पडले, 2001 साली गुंठेवारीचा कायदा आला, बांधकामं नियमित झाली. माती काही नियमित झाली नाही.

काळीचा सगळा खेळ तिच्यातल्या मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाचा. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की ते फुगतं, पाणी गेलं की आकसतं. हे घरी बघता येतं. माती वाळवून, कुटून, वस्त्रगाळ करून दोन सारख्या उभट काचेच्या ग्लासांत सारखीच घ्या. एकात पाणी ओता, दुसऱ्यात रॉकेल. (रॉकेल मिळवणं हाच यातला अवघड भाग.) ढवळून ठेवा. रॉकेलमध्ये ही माती फुगत नाही. दुसऱ्या दिवशी दोन्ही थरांची उंची मोजा. पाण्यातला थर दीडपट भरला तर पायाचा विचार गंभीरपणे करायचा; दुप्पट भरला तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय कुदळ मारायची नाही. प्रयोगशाळेत हीच चाचणी खुणांच्या नळ्यांत करतात.

“एकमजली तर घर, कशाला एवढा पाया?” हे ऐकून मान डोलावू नका. हलकं घरच फुगणाऱ्या मातीला दाबून धरू शकत नाही. घराच्या पोटाखालची माती वर्षभर ओलसर राहते, कडेची भिजते आणि सुकते. कडा वरखाली होतात आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. लांबी भरून ती मिटत नाही, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उघडते. मातीची ही हालचाल साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत चालते. म्हणून पाया एक तर काळी संपून चांगला मुरूम लागेपर्यंत न्यायचा, नाही तर बुडाशी फुगवटा असलेले पाईल घ्यायचे. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं ते याच मातीसाठी विकसित केले. मुंबई आयआयटीचे प्रा. आर. के. कट्टी यांनी तिसरी वाट दाखवली: फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा मीटरभर दाबून बसवलेला थर. कालव्यांच्या कामात ती उपयोगी पडली. पायातून निघालेली काळी पुन्हा जोत्यात ढकलणं मात्र निव्वळ आत्मघात. भराव मुरमाचाच हवा, आणि तो भरताना मालकानं स्वतः उभं राहावं.

सातारकरांचं दुखणं वेगळं. माण-खटावच्या माळावर थोडं खणलं की मुरूम लागतो, पाया झकास; बागेसाठी मात्र माती ट्रॉलीनं आणावी लागते. महाबळेश्वर-पाचगणीच्या माथ्यावर जांभा. त्याच्या भोकांतून पाणी सरसर खाली जातं. सेप्टिक टाकीवाल्याला हे बरं वाटतं, पण मैलापाणी नीट गाळलं न जाताच खालच्या झऱ्याला जाऊन मिळतं. काळीत नेमकं उलटं. शोषखड्ड्यातलं पाणी मुरतच नाही. सांगलीच्या शामरावनगरसारख्या सखल भागात पावसाळ्यात अंगणातच पाणी उभं असतं. तिथं शोषखड्डा पाणी शोषणार तरी कुठं?

म्हणून आधी खड्ड्याची चाचणी. जिथं शोषखड्डा घ्यायचा तिथं, त्याच खोलीवर, फूटभर खड्डा खणा आणि रात्रभर पाण्यानं भरलेला ठेवा. ही पायरी टाळू नका. उन्हाळ्यात काळीच्या भेगा पाणी गटागट पितात आणि फसवतात. सकाळी पुन्हा पाणी ओतून ते इंचभर उतरायला किती वेळ लागतो ते बघा. तास उलटला तरी इंच उतरला नाही, तर शोषखड्ड्याचा नाद सोडा. फार झटकन उतरलं आणि जवळ विहीर असेल, तर जागा बदला.

काळीची एवढी निंदा केली, पण सांगली जिल्ह्यातली सगळी माती एका वाणाची नाही. हरिपुरात, कृष्णा-वारणेच्या संगमाशी, जमिनीत वीसेक फूट खोल पेवं खणून त्यांत हळद साठवत. तोंड अरुंद, पोट मोठं. तिथली माती भेगाळत नाही, ढासळत नाही, म्हणून हळद वर्षानुवर्षं टिकायची. पेव उघडल्यावर लगेच कुणी उतरत नसे; आत श्वास घेण्याजोगी हवा नसते, म्हणून आधी कंदील सोडून बघायचे. 2005 च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं आणि हळद भिजली. काही मैलांवर, उसाला वर्षानुवर्षं पाटपाणी दिलेल्या रानांत मिठाचा पांढरा थर वर येतो आणि जमीन चोपण होते. तिथं परसात आंबा लावाल तर पानं कडेनं करपतात. आधी निचऱ्याचा चर, मग माती परीक्षण, आणि अहवालात सोडियम जास्त निघालं तर जिप्सम. नर्सरीत जायचं ते त्यानंतर.

सांगायचं ते एवढंच की शेजाऱ्याचा अनुभव शेजाऱ्याच्या प्लॉटपुरता. पाया खणायला जेसीबी यायचा आहेच. नकाशा काढायला देण्याआधी त्याला एकदा बोलवा, प्लॉटच्या दोन टोकांना मुरूम लागेपर्यंत दोन खड्डे काढून घ्या, आणि काळी किती फुटांवर संपते ते स्वतः टेप लावून मोजा.