मॅट्रिक्स स्विचर व त्याच्या लिखित आज्ञा

सभागृहातील कार्यक्रमात चित्र व ध्वनी एकाच यंत्रातून येत नाहीत आणि एकाच ठिकाणी जातही नाहीत. व्यासपीठासमोरचा कॅमेरा, वक्त्याचा लॅपटॉप, गीतांचे शब्द दाखविणारा संगणक ही उगमस्थाने. आतला मोठा पडदा, बाहेरच्या मंडपातील टीव्ही, चित्रमुद्रण करणारा संगणक ही पोहोचण्याची ठिकाणे. या दोहोंच्या मध्ये बसून कोठले चित्र कोठे जावे हे ठरविणारी पेटी म्हणजे मॅट्रिक्स स्विचर. परळी वैजनाथच्या जंक्शनात गाडी ज्याप्रमाणे एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर वळविली जाते, तसेच हे काम आहे. फरक एवढाच की गाडी एका वेळी एकाच मार्गाने जाते, चित्र मात्र एकाच वेळी सर्व पडद्यांवर जाऊ शकते. आठ इनपुट व आठ आउटपुट असलेल्या पेटीत असे ६४ छेदबिंदू असतात.

पेटीवर बटणे असतात, मग आज्ञा टंकित कशाला करायच्या, असा प्रश्न वाचकांना पडेल. बीड जिल्ह्यात त्याचे उत्तर सहज सापडते. दिवाळीच्या सुमारास येथील असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात, शिकलेली मुले नोकरीसाठी पुण्याची वाट धरतात. नाताळ व शाळांची स्नेहसंमेलने नेमकी त्याच दिवसांत येतात. पेटीची बटणे ज्याच्या हाताखालची, तोच गावात नसतो. अशा वेळी आज्ञा कागदावर लिहिलेल्या असतील तर संगणकावर अक्षरे टंकित करू शकणारी कोणतीही व्यक्ती, दहावीतील मुलगीसुद्धा, कार्यक्रम सांभाळू शकते.

पेटी व संगणक यांना जोडणारी जुनी व अजून वापरात असलेली पद्धत म्हणजे आरएस-२३२. हे मानक १९६० साली अमेरिकेत निघाले. आजच्या लॅपटॉपला त्याची नऊ टोकांची जागा नसते, म्हणून यूएसबीचे रूपांतरक घ्यावे लागते. विंडोज एक्सपीबरोबर हायपरटर्मिनल नावाचा कार्यक्रम येत असे. व्हिस्टापासून तो वगळला गेला, आता त्या कामासाठी पुटी हा मोफत कार्यक्रम चालतो. दोन्ही बाजूंचा वेग सारखा ठेवावा लागतो. एक्स्ट्रॉन या अमेरिकन कंपनीच्या पेट्यांत तो बहुधा ९६०० असतो.

याच कंपनीची आज्ञापद्धती आम्ही उदाहरणादाखल घेतो, कारण ती फार आटोपशीर आहे. 1*2! असे टंकित केले की पहिल्या इनपुटचे चित्र व ध्वनी दुसऱ्या आउटपुटला जातात. उद्गारचिन्हाऐवजी टक्केवारीचे चिन्ह दिले, म्हणजे 1*2% असे लिहिले, तर केवळ चित्र जाते. डॉलरचे चिन्ह दिले तर केवळ ध्वनी. 1*! लिहिले की पहिले इनपुट सर्व पडद्यांवर. 0*2! ने दुसऱ्या आउटपुटची जोडणी सुटते. संपूर्ण मांडणी 5, असे लिहून पाचव्या क्रमांकाखाली साठविता येते आणि 5. असे लिहून परत आणता येते. स्वल्पविराम साठवितो, पूर्णविराम परत आणतो. हा भेद कागदावर ठळक लिहावा, नाहीतर चांगली मांडणी पुसून तिच्या जागी बिघडलेली साठविली जाईल. शिवाय येथे एंटर दाबण्याचीही गरज नसते. शेवटचे चिन्ह पडताच आज्ञा अमलात येते, तेव्हा ते टंकित करण्याआधी आकडे पुन्हा पाहावेत.

मराठी संगणकावर एक खास अडचण येते. पेटीला केवळ ॲस्की संकेतावलीतील अंक कळतात. कळफलक देवनागरीवर असेल तर पडद्यावर १*२! असे दिसेल, आपल्या डोळ्यांना ते अगदी बरोबर वाटेल, पण पेटीच्या दृष्टीने तो अंकच नव्हे. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी कळफलक इंग्रजीवर आणावा.

प्रत्येक कंपनीची भाषा निराळी असते, हेही ध्यानात असावे. इस्रायलच्या क्रेमर कंपनीच्या नव्या पद्धतीत आज्ञा # या चिन्हाने सुरू होते व जोडणी 1>2 अशा बाणाने दाखविली जाते. ऑस्ट्रेलियाच्या ब्लॅकमॅजिकच्या व्हिडिओहबमध्ये आउटपुट आधी व इनपुट नंतर लिहितात आणि मोजणी शून्यापासून करतात. त्यामुळे तेथे 1 2 याचा अर्थ तिसऱ्या इनपुटचे चित्र दुसऱ्या आउटपुटला, असा होतो. एका सभागृहाचा कागद दुसऱ्या सभागृहात नेला तर घोटाळा ठरलेलाच.

आज्ञा देण्याइतकेच उत्तर वाचणेही महत्त्वाचे आहे. एक्स्ट्रॉनची पेटी जोडणी झाल्यावर आउटपुट व इनपुट यांचे क्रमांक परत सांगते. अस्तित्वात नसलेले इनपुट मागितले तर ई ०१ आणि आज्ञाच न कळल्यास ई १० असे उत्तर देते. काहीच उत्तर आले नाही तर आधी केबल व वेग तपासावा. मात्र उत्तर बरोबर आले म्हणजे पडद्यावर चित्र आले असे नव्हे. पेटी आपल्या आतल्या जोडणीची ग्वाही देते. लॅपटॉप झोपी गेला असेल वा प्रोजेक्टर बंद असेल, तर ते त्या उत्तरात दिसत नाही. म्हणून एकाने मंडपात उभे राहून हाताने खूण करावी, हा जुना उपाय आम्हाला अजूनही उत्तम वाटतो.

वीज गेली व जनरेटर सुरू झाला की मांडणी जशीच्या तशी आहे असे गृहीत धरू नये. 2% एवढेच लिहिले तर दुसऱ्या आउटपुटला कोठले चित्र जोडले आहे ते पेटी सांगते. महत्त्वाच्या पडद्यांची अशी विचारपूस अर्ध्या मिनिटात होते.

नव्या पेट्या नेटवर्कवरूनही त्याच आज्ञा स्वीकारतात. पुष्कळ ठिकाणी टेलनेट ही जुनी पद्धत, तेवीस क्रमांकाचे पोर्ट वापरून, चालू असते आणि तिच्यावरून जाणारी अक्षरे गुप्त नसतात. पाहुण्यांना दिलेल्या वायफायवर ही पेटी असेल, तर मागच्या बाकावरील एखादा खोडकर मुलगा मोबाइलवरून भर कार्यक्रमात पडदा बदलू शकेल. पेटीला पासवर्ड द्यावा, तिचे नेटवर्क वेगळे ठेवावे आणि आज्ञांचा कागद पेटीच्याच कपाटात, आतल्या बाजूला चिकटवावा. पासवर्ड मात्र त्या कागदावर लिहू नये.