बेट कशास म्हणावें?

भरतीच्या वेळीं हातभर नैसर्गिक खडक पाण्यावर राहिला, तर त्याच्या धन्यास भोंवतालचा बारा सागरी मैल समुद्र मिळतो. भरतींत तो बुडाला, तर स्वतःच्या जोरावर कांहींच नाहीं. परंतु त्याच जागेस 'बेट' ही पूर्ण पदवी लाभली, तर दोनशें मैलांपर्यंतचे मासे आणि तळाखालचें तेल यांवर हक्क पोहोंचतो. सागरी मैल १,८५२ मीटरांचा. तेव्हां एकाकी बेटाभोंवतींचें हें वर्तुळ चार लाख चौरस किलोमीटरांहून मोठें भरतें. १९८२ सालच्या सागरी कायद्याच्या करारांतील ही मांडणी आहे. दक्षिण चिनी समुद्रांतील ओसाड प्रवाळखडकांसाठीं राष्ट्रें हातघाईवर कां येतात, याचें निम्में उत्तर या हिशेबांत आहे.

उरलेलें निम्में इतिहासांत. स्प्रॅटली बेटें १९३३ सालीं फ्रान्सनें आपलीं म्हणून जाहीर केलीं. १९३९ सालीं जपाननें तीं घेतलीं. १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या तहांत जपाननें स्प्रॅटली व पॅरासेल यांवरील हक्क सोडला. पण तो कोणाच्या पदरांत सोडला, हें तहांत लिहिलेंच नाहीं. पेकिंग व तैपे येथील सरकारांपैकीं एकासही तहास बोलावणें नव्हतें. चिनी सरकारनें १९४७ सालीं तयार केलेल्या नकाशावरील तुटक रेषा पुढें कम्युनिस्ट राजवटीनेंही उचलली. १९७४ सालीं चीननें पॅरासेलचा पश्चिम भाग दक्षिण व्हिएटनामपासून लढून घेतला; १९८८ च्या मार्चमध्यें जॉन्सन साउथ रीफ येथें ६४ व्हिएटनामी मारले गेले.

२०१२ सालीं चीननें स्कारबरोच्या खडकांवर ताबा बसविला, आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथें मासे धरणाऱ्या फिलिपिनो मच्छीमारांना मागें फिरावें लागलें. पुढल्या जानेवारींत फिलिपीन्सनें दावा लावला. हेग येथें पांच पंचांपुढें तो चालला. चीन हजर राहिला नाहीं. निकाल १२ जुलै २०१६ रोजीं लागला. बेटें कोणाचीं, हा प्रश्न पंचांच्या अधिकाराबाहेरचा होता. तीं बेटें आहेत कीं नाहींत, हें मात्र त्यांनीं बारकाईनें पाहिलें.

सारा भर पडला तो इटू आबावर. स्प्रॅटलींतील हें सर्वांत मोठें नैसर्गिक स्थळ तैवानच्या ताब्यांत आहे. लांबी दीड किलोमीटरही नाहीं. जानेवारी २०१६ मध्यें तैवानचे अध्यक्ष मा यिंग-जिऊ स्वतः तेथें गेले, आणि मागाहून परदेशी वार्ताहरांस नेऊन विहिरींचें पाणी, भाजीचे वाफे व कोंबड्या दाखविण्यांत आल्या. पाणी आहे हें पंचांनींही नाकारलें नाहीं. परंतु बाहेरून येणाऱ्या रसदीवर राहणारे शिपाई म्हणजे वसति नव्हे. हंगामापुरते उतरणारे मच्छीमार, किंवा पूर्वीं पक्ष्यांची विष्ठा खतासाठीं खणून नेणाऱ्या जपानी कंपन्या, यांतही त्या भूमीचें स्वतःचें जीवन दिसत नाहीं, असें त्यांनीं ठरविलें. म्हणून इटू आबा हाही खडकच, आणि स्प्रॅटलींतील एकाही स्थळास दोनशें मैल नाहींत. तुटक रेषेआंतील ऐतिहासिक हक्कही कराराशीं विसंगत ठरले. स्कारबरोस मासे धरण्याचा परंपरागत हक्क दोन्ही देशांच्या मच्छीमारांस राहिला. माप कडक आहे. ओकिनोतोरी येथील चिमुकल्या खडकांना सिमेंटचें कुंपण घालून दोनशें मैल मागणाऱ्या जपानलाही तें गैरसोयीचेंच.

चीननें निकाल फेटाळला. त्यापूर्वींच सात प्रवाळखडकांवर त्यानें तेराशें हेक्टरांच्या आसपास भराव घातला होता. त्यांपैकीं तिहींवर धावपट्ट्या आहेत. अशा भरावास कायद्यानें समुद्र मिळत नाहीं. पण विमान उतरतें. ऑक्टोबर २०१५ मध्यें अमेरिकेची 'लॅसन' युद्धनौका सूबी रीफपासून बारा मैलांच्या आंत गेली. ज्या करारांतील नियम ती दाखवूं पाहत होती, त्यास अमेरिकेनें अद्याप मान्यता दिलेली नाहीं. चीननें दिली आहे, आणि तोच निकाल मानीत नाहीं.

सेकंड थॉमस या बुडत्या प्रवाळावर फिलिपीन्सनें १९९९ सालीं 'सिएरा माद्रे' हें दुसऱ्या महायुद्धांतलें अमेरिकन बनावटीचें जहाज मुद्दाम रुतविलें. त्याच्या गंजलेल्या सांगाड्यांत नौसैनिकांची तुकडी राहते. १७ जून २०२४ रोजीं तेथें रसद नेतांना चिनी नौकांशीं झटापट झाली, व एका फिलिपिनो खलाशाचा आंगठा तुटला. १९५१ च्या संरक्षण-करारानें अमेरिका फिलिपीन्सशीं बांधलेली असल्यानें अशा जखमेचा हिशेब वॉशिंग्टनलाही ठेवावा लागतो. जुलैंत रसदीपुरता तात्पुरता समझोता झाला. अन्नपाणी जाऊं द्यावें, बांधकामाचें सामान नको, असा चीनचा आग्रह आहे.