अंगण कोणाच्या नावावर?

मागच्या वेळी आपण ‘माझं’ या शब्दापाशी थांबलो होतो. आज घरचंच उदाहरण घेऊ.

आम्ही अंबरनाथला एका जुन्या सहकारी सोसायटीत राहतो. आमच्याकडे पन्नास रुपयांच्या पाच शेअर्सचा दाखला आहे. जमीन आणि इमारत सोसायटीची. आमचा आहे तो सभासद म्हणून राहण्याचा हक्क. (हे आमच्या घरात अजून कोणाला पटलेलं नाही!) ही कल्पना आपल्याकडे १९१५ पासूनची, मुंबईत गावदेवीच्या सारस्वत सोसायटीपासूनची.

शेजारच्या उल्हासनगरात गोष्ट उलट्या टोकानं सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. बराक सैनिकांच्या मुक्कामापुरती. तिथं आडोसे घालून माणसांनी संसार मांडले. म्हणजे राहणं आधी, मालकी मागून. १९४९ मध्ये कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं, तरी पत्ता सांगताना लोक अजून ‘कॅम्प चार’च म्हणतात.

आता आमच्या अंगणाकडे या. तिथं एक फणस आहे. तो कोणाच्याच शेअर्समध्ये नाही, आणि गरे मात्र सगळ्यांच्या घरी जातात. पुनर्विकासाचा प्रस्ताव आला तेव्हा सभेत प्रत्येकानं आपापला वाढीव कार्पेट एरिया विचारला. आम्हीही विचारला, खोटं कशाला बोला? मग तळमजल्यावरच्या सिंधी आजी उठल्या. त्यांचं बालपण बराकीत गेलेलं.

“फणसाला किती फूट धरलेत?”

सेक्रेटरींनी नकाशा उलटापालटा करून पाहिला. विषय पुढच्या सभेवर गेला.