बोटं उघडतात का? स्ट्रोकनंतरचं एक साधं मोजमाप

शहागडच्या पंचक्रोशीत 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात, तो बहुतेक वेळा मेंदूचा स्ट्रोक असतो. घरच्यांचा प्रश्न एकच: हात पुन्हा चालेल का? याचा अंदाज देणाऱ्या एका मोजमापाला कुठलंच मशीन लागत नाही.

रुग्णाला दोन गोष्टी करायला सांगायच्या. लुळा हात खांद्यातून बाजूला उचला आणि बोटं सरळ करा. दोन्हींना 0 ते 5 गुण. 0 म्हणजे काहीच हालचाल नाही, 5 म्हणजे नेहमीची ताकद. 10 पैकी जी बेरीज येते, तो 'सेफ' स्कोअर.

बोटंच का? मूळ बिघाड स्नायूत नसतो. मेंदूकडून मज्जारज्जूकडे हुकूम नेणारी वाट तुटलेली असते आणि बोटं सरळ करायला हीच वाट लागते. म्हणजे आपण मोजतो स्नायू, पण कळते वाटेची अवस्था.

नेदरलँड्समधल्या 2010 च्या अभ्यासात दुसऱ्या दिवशी खांदा आणि बोटं थोडी तरी हलवणाऱ्यांना सहा महिन्यांत हाताचा काही वापर परत मिळण्याची शक्यता 98 टक्के निघाली. न हलवणाऱ्यांची 25 टक्के.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. चांगला स्कोअर जवळजवळ खात्री देतो, पण वाईट स्कोअर तेवढ्याच खात्रीने 'नाही' म्हणत नाही. चारांतल्या एकाचा हात तरीही थोडाफार येतो.

म्हणूनच ऑकलंडच्या गटाने 2017 मध्ये मांडलेल्या 'प्रेप-2' पद्धतीत स्कोअर 5 पेक्षा कमी आला की तिथे थांबत नाहीत. डोक्याजवळ चुंबकीय कॉइल धरून हाताच्या स्नायूपर्यंत संदेश पोचतो का, ते तपासतात. एवढं करूनही अंदाज सुमारे 75 टक्के रुग्णांतच बरोबर आला.

ही कॉइल तालुक्याच्या दवाखान्यात मिळायची नाही. मग नुसत्या कमी स्कोअरवर 'हात येणार नाही' असं सांगितलं, तर घरचे व्यायाम सोडतात, हात आखडतो आणि अंदाज आपोआप खरा ठरतो!

या विषयात काम करायचं असेल, तर तीन गोष्टी आधीच ठरवा.

एक, स्ट्रोकनंतर किती तासांनी मोजलं ते प्रत्येक नोंदीत लिहा. तिसऱ्या दिवसाचा 4 आणि तिसाव्या दिवसाचा 4 सारखे नसतात.

दोन, शेवटचं मोजमाप करणाऱ्याला सुरुवातीचा स्कोअर माहीत नको.

तीन, तुमच्या नमुन्यात कोण आलंच नाही ते विचारा. गडचिरोलीच्या 86 गावांतल्या अभ्यासात (2015) स्ट्रोकच्या मृत्यूंपैकी सुमारे 87 टक्के घरीच झाले होते. फक्त वॉर्डातले रुग्ण मोजले, तर ही माणसं तुमच्या तक्त्यात कधीच येणार नाहीत.

स्कोअर कमी आला तर घरच्यांना एवढंच सांगता येतं: आत्ता नक्की सांगता येत नाही, व्यायाम चालू ठेवा, काही दिवसांनी पुन्हा मोजू.