बंद पेटी की भोकाची पेटी?

शाळेला सुट्टी लागली तशी मी दुबईला भाच्याकडे गेले. "मावशी, गाडीत सबवूफर बसवायचाय. पेटी बंद घेऊ की भोकाची?" त्याने विचारले. त्याच्याजवळ एक जुनी कॅसेट आहे. तीत आमच्या कै. भाऊजींनी झाकरीत वाजवलेली ढोलकी आहे. ती त्याला कामावर जाता-येता नीट ऐकायची होती.

सबवूफर म्हणजे खर्जाचे स्वर काढणारा मोठा स्पीकर. त्याचा पडदा पुढची हवा ढकलतो तेव्हा मागची ओढतो आणि हे दोन आवाज एकमेकांना मारतात. म्हणून पेटी लागतेच. बंद पेटीत मागचा आवाज कोंडला जातो. आतली हवा उशीसारखी पडद्याला आवरून धरते. भोकाच्या पेटीत तोच आवाज नळीवाटे बाहेर येऊन मदत करतो. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती एकाच स्वरात घुमते ना, तसेच हे. त्या स्वराजवळ ही पेटी बंद पेटीपेक्षा जोरात वाजते. त्याखाली मात्र पडद्याला हवेचा आधार उरत नाही. अमेरिकेत आल्बर्ट थुरास यांना 1932 साली या युक्तीचे पेटंट मिळाले.

मोटारीत एक गंमत आहे. बंद पेटीचा आवाज खाली सप्तकामागे सुमारे 12 डेसिबलने उतरतो, भोकाच्या पेटीचा 24 ने. पण काचा लावलेली गाडी लहान खोलीसारखी असते व अगदी खालचे स्वर ती आपणहून वाढवते. त्यामुळे बंद पेटीची उणीव बरीचशी भरून निघते. घरातल्या स्पीकरला हे एवढे मिळत नाही.

अल सतवा भागातल्या एका दुकानात दोन्ही ऐकल्या. भोकाच्या पेटीतून नाचाची गाणी छातीवर आदळली. पोरे खूश होतील! ढोलकी लावली तर थापेमागून घूं घूं. दोष सगळा त्या प्रकाराचा नव्हे. ती तयार पेटी बरीच वरच्या स्वराला बांधलेली असावी. बंद पेटीत तळहात कुठे दाबला, कुठे सुटला ते कळले. भाचा काही बोलला नाही. मीही नाही.

बंद पेटीला तेवढ्याच आवाजासाठी जास्त ताकदीचा ॲम्प्लिफायर लागतो, तो तापतो. उन्हाळ्यात तिथे पारा 45 अंशांवर जातो, डिकीची भट्टी होते. म्हणून तो गालिच्याखाली दडपू नका असे मी बजावले. शिवाय 2017 च्या वाहतूक नियमांत गोंगाट करणाऱ्या गाडीला 2000 दिरहम दंड आणि 12 काळे गुण होते. आपल्या समुद्रकिनाऱ्यांवरही असे काही हवे, असे मला रविवारी हमखास वाटते.

बारा इंची स्पीकरला बंद पेटी साधारण 30 लिटरची पुरते, भोकाची बहुधा दुप्पट. भाच्याने बंद घेतली. विमानतळावर निघालो तेव्हा माझी मोठी बॅग तिच्या शेजारी आरामात मावली, आणि वाटेत ढोलकी चालू होती.